तुम्ही विचारलंत म्हणून : बिघाड झाला तर दाद कोणाकडे मागायची?

मी डेबियन ही संगणक चालवणारी मुक्तस्रोत कार्यप्रणाली (ऑपरेटिंग सिस्टीम) वापरतो हे कळले की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : ज्या सॉफ्टवेअरचे पैसे कोणी घेतलेलेच नाहीत, त्यात बिघाड झाला तर दाद कोणाकडे मागायची? प्रश्न रास्त आहे, आणि ‘कोणीतरी मदत करतेच’ एवढे उत्तर त्याला पुरत नाही.

इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाने १९९७ मध्ये एक सामाजिक करार स्वीकारला. अडचणी लपवल्या जाणार नाहीत आणि दोषांची संपूर्ण नोंद सर्वांना सदैव खुली राहील, असे त्यातले एक कलम आहे. सॉफ्टवेअर विनामूल्य मिळण्यापेक्षा मला हे कलम अधिक मोलाचे वाटते. दोष कळवण्यासाठी सदस्य व्हावे लागत नाही. ई-मेल पाठवला की त्या दोषाला क्रमांक मिळतो आणि त्यावर कोणी काय म्हटले, हे पुढे कोणालाही वाचता येते. दोष गंभीर ठरला, तर तो दुरुस्त होईपर्यंत ते पॅकेज, म्हणजे तो दोष असलेला प्रोग्रॅम, सहसा नव्या स्थिर आवृत्तीत घेतले जात नाही. म्हणजे इथे वापरणारा हा केवळ ग्राहक नसतो, तो साक्षीदार असतो, आणि त्याच्या साक्षीला वजन असते.

मराठी वापरणाऱ्यांच्या बाबतीत तर हे फारच खरे आहे. ‘दऱ्या’, ‘पुऱ्या’, ‘वाऱ्यावर’ या शब्दांतला आडवा अर्धा र हिंदीत वापरला जात नाही. त्यामुळे देवनागरीची चाचणी केवळ हिंदी मजकुरावर झाली, तर एखाद्या फाँटमध्ये तो मोडला असल्याचे कोणाच्याही लक्षात येणार नाही. फाँट घडवणारा ब्राझीलमध्ये किंवा जर्मनीत बसलेला असेल, तर ‘मराठी नीट दिसत नाही’ या तक्रारीतून त्याला काहीही उमगत नाही. त्याच्यासाठी योग्य आणि चुकीच्या रूपाची चित्रे शेजारी-शेजारी ठेवावी लागतात, ऱ, हलन्त आणि य ही अक्षरे कोणत्या क्रमाने टंकलिखित केली ते लिहावे लागते, फाँट आणि प्रोग्रॅम यांच्या आवृत्त्या द्याव्या लागतात. डेबियनमधला ‘रिपोर्टबग’ हा प्रोग्रॅम आवृत्त्यांची माहिती स्वतःच गोळा करतो. उरलेले मात्र मराठी वाचणाऱ्यानेच सांगायला हवे. ते आपल्यावाचून दुसरे कोण सांगणार?

उत्तर लगेच येईल, याची हमी मात्र कोणी देत नाही. काम करणारे बहुतांशी स्वयंसेवक आहेत आणि काही नोंदी वर्षानुवर्षे उघड्या राहतात. ज्या कार्यालयाचे काम एक दिवसही थांबून चालणार नाही, त्याने पैसे देऊन जाणकार नेमावा, असे मी स्पष्टपणे सांगतो; डेबियनच्या संकेतस्थळावर अशा सल्लागारांची देशवार यादीही आहे. मूळ संहिता, म्हणजे प्रोग्रॅम ज्यातून घडतो तो लिहिलेला मजकूर (सोर्स कोड), सर्वांना खुली असल्यामुळे दुरुस्ती एकाच कंपनीच्या मर्जीवर अवलंबून राहत नाही, हा त्यातला मोठा दिलासा आहे.

तेव्हा आधी जुन्या नोंदी शोधाव्यात. तोच दोष सापडला, तर नवी नोंद न करता आपला अनुभव त्याच क्रमांकाखाली जोडावा. आणि उपाय तुमचा तुम्हालाच सापडला, तर तोही तिथेच सविस्तर लिहावा, कारण पुढे अडलेला माणूस त्याच क्रमांकापाशी येणार असतो.