खानापूरच्या तारेवरचा मोडेम

खानापूर तालुक्यात डायल-अप इंटरनेट घ्यायचे झाले की बेळगावचा दुकानदार ५६ केचा, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट वेगाचा, मोडेम (फोनच्या तारेवरून संगणक इंटरनेटला जोडणारे यंत्र) पुढे करी, आणि खोक्यावरचा तो आकडा पाहून गिऱ्हाईक खूश होई. मला मात्र त्या आकड्याचे कौतुक कधीच वाटले नाही. १९९८ साली ५६ केच्या मोडेमसाठी व्ही.९० हे सामाईक मानक ठरण्यापूर्वी एक्स-टू आणि के-५६-फ्लेक्स या परस्परांशी न जुळणाऱ्या दोन पद्धती बाजारात होत्या. आपल्या मोडेमची पद्धत सेवा देणाऱ्याकडे नसेल, तर जोडणी ३३.६ केच्या आतच राही. शिवाय ५६ केचा वेग फक्त माहिती उतरवून घेण्यापुरता, तोही एक्स्चेंज डिजिटल आणि तार स्वच्छ असेल तरच. आमच्याकडे पावसाळ्यात जोडांत पाणी शिरून रिसीव्हरमध्ये खरखर ऐकू येई, तेव्हा कसले ५६ के!

म्हणून माझे मत बाहेरून जोडायच्या मोडेमच्या बाजूने होते. संगणकाच्या आत बसणारे स्वस्त 'विनमोडेम' सिग्नलचे बरेचसे काम प्रोसेसरवर ढकलत आणि बहुधा विंडोजशिवाय चालत नसत. बाहेरचा मोडेम महाग खरा, पण 'सीडी' (कॅरिअर डिटेक्ट) या दिव्यावरून जोडणी टिकली आहे की तुटली हे लगेच कळे, आणि 'आरडी' (रिसीव्ह डेटा) दिवा लुकलुकत असेल तर माहिती येत आहे, एवढे तरी समाधान मिळे. वीज कडाडू लागली की मात्र दिवे पाहत न बसता फोनची वायर आणि अडॅप्टर दोन्ही काढून ठेवावे लागत.