तुम्ही विचारलंत म्हणून: वॉर्सातले पुरलेले दप्तर

"मोडी कागदांत उभा जन्म घालवलेल्या माणसाला पोलंडमधल्या ज्यूंचे एवढे काय?" हा प्रश्न मला व्याख्यानानंतर विचारला जातो, लग्नकार्यात विचारला जातो, टेकडीवर फिरायला गेलो तरी विचारला जातो. विचारणाऱ्यांच्या मनात आकस नसतो, तेव्हा एकदा नीट बसून उत्तर लिहितो.

दप्तरखान्यात रुमाल सोडला की तहनामे क्वचितच हाती लागतात. निघतात त्या वाण्याच्या याद्या, गहाणखते, कुणा विधवेचा अर्ज. त्या काळची माणसे कशी जगत होती हे मला अशाच कागदांनी शिकवले. असे कागद भावी इतिहासकारासाठी जाणूनबुजून, जिवावर उदार होऊन कुणी जमवले असतील, असे मात्र मला कधी वाटले नव्हते. वॉर्सात ते घडले होते.

नोव्हेंबर 1940 मध्ये नाझींनी तिथल्या ज्यूंना भिंतीआड कोंडले. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरांत चार लाखांहून अधिक माणसे राहू लागली आणि उपासमारीने व तापाने मरू लागली. इमॅन्युएल रिंगेलब्लुम हे व्यवसायाने इतिहासकार. त्यांनी शिक्षक, लेखक, समाजसेवक अशा पन्नास-साठ जणांना गुप्तपणे एकत्र आणले. ही मंडळी शनिवारी भेटत, म्हणून त्यांनी आपल्या गटाला 'ओनेग शब्बात', म्हणजे शब्बाथचा आनंद, असे नाव दिले. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विश्रांतीचा दिवस. राखेल आउअरबाख तिथे गरिबांसाठी सूप शिजवणारे स्वयंपाकघर चालवीत. रोज जेवायला येणाऱ्या आणि एक दिवस येईनाशा होणाऱ्या माणसांविषयी त्यांनी लिहून ठेवले. बाकीच्यांनी शिधापत्रिका, ट्रामची तिकिटे, नाटकांच्या जाहिराती, खाऊच्या गोळ्यांचे कागद, शाळकरी मुलांचे निबंध, इतकेच काय, लोक एकमेकांना सांगत ते विनोदही जपून ठेवले. आपल्याविषयी पुढे कोण लिहील आणि काय लिहील, हे मारणाऱ्यांच्या हाती सोडायचे नाही, असा त्यांचा निश्चय होता.

22 जुलै 1942 पासून ज्यूंना मारण्यासाठी उभारलेल्या ट्रेब्लिंका छावणीकडे गाड्या सुटू लागल्या. इस्राएल लिख्टेनश्टाइन हे शिक्षक आणि डाविड ग्रॅबर व नाहुम ग्शिवाच हे त्यांचे दोन तरुण विद्यार्थी, अशा तिघांनी नोवोलिप्की रस्त्यावरच्या 68 क्रमांकाच्या शाळेच्या तळघरात हे कागद भरून दहा पत्र्याच्या पेट्या पुरल्या. पुढच्या वर्षी दुधाचे दोन मोठे कॅन पुरले गेले. आपल्याकडचे गवळी सायकलला अडकवतात तसेच. रिंगेलब्लुम, त्यांची पत्नी आणि मुलगा मार्च 1944 मध्ये पकडले गेले आणि मारले गेले. गटातली मोजून तीन माणसे युद्धानंतर उरली. त्यांच्यापैकी हेर्श वासेर यांना जागा ठाऊक होती, म्हणूनच सप्टेंबर 1946 मध्ये विटा-मातीच्या ढिगाऱ्याखालून पेट्या काढता आल्या. कॅन सापडले ते डिसेंबर 1950 मध्ये. तिसरा साठा आजवर मिळालेला नाही.

पेट्यांत पाणी शिरले होते. भिजलेला कागद म्हणजे काय, हे मला लहानपणीच कळले. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर आई आजोबांची पत्रे खाटेवर पसरून एकेक पान नखाने सोडवत बसली होती. कडा हाताला लगद्यासारख्या लागत आणि शाई बोटांवर उतरे. वॉर्सातल्या त्या संग्रहात सुमारे 35,000 पाने आहेत.

वॉर्साच्या ज्यू इतिहास संस्थेत मी एकदाच गेलो आहे. रिंगेलब्लुम आणि त्यांचे सहकारी याच इमारतीत भेटत. शेजारचे मोठे सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, जर्मनांनी मे 1943 मध्ये सुरुंग लावून उडवले, तेव्हाच्या आगीचे काळे डाग प्रवेशदालनाच्या फरशीवर अजून आहेत. त्यांच्यावर पाय द्यावा लागू नये म्हणून मी कडेकडेने चालत गेलो. आत त्या दोन कॅनांपैकी एक ठेवला आहे. त्याचा पत्रा गंजून खडबडीत झाला आहे. त्याच्यापुढे मी किती वेळ उभा होतो, ते आठवत नाही.

नाझींनी मारलेल्या ज्यूंच्या साठ लाख या आकड्यापुढे मन बधिर होते. एका माणसाच्या कागदापुढे ते तसे होत नाही, आणि म्हणून व्याख्यानात मी लिख्टेनश्टाइन यांच्या कागदाविषयीच अधिक बोलतो. पेट्या पुरण्याआधी, 31 जुलै 1942 च्या सुमारास, त्यांनी त्यांत आपले मृत्युपत्र ठेवले. आभार नकोत, स्मारक नको, स्तुती नको, असे त्यांनी त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपली पत्नी, चित्रकार गेला सेक्श्टाइन, हिची आठवण ठेवावी, एवढे मागितले आहे. तिची शेकडो चित्रेही त्यांनी त्याच पेट्यांत पुरली. मग मुलीविषयी लिहिले आहे. मार्गालित आज वीस महिन्यांची झाली, नवव्या महिन्यापासून ती स्पष्ट बोलू लागली, यिडिश, म्हणजे तिथल्या ज्यूंची भाषा, उत्तम बोलते. तिलाही लोकांनी आठवावे.

बाप आपल्या लेकीच्या बोलण्याचे कौतुक सांगतो आहे, आणि तो कागद वाचणाऱ्यांत आता मीही आहे. म्हणून कुणी विचारले, की मी आधी त्या मुलीचे नाव सांगतो.