आमची वाटचाल : डायनॅमोपासून ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूलपर्यंत

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात वडिलांनी डायनॅमो आणि स्टार्टर दुरुस्तीचे दुकान थाटले, तेव्हा आजूबाजूला फाउंड्री आणि लेथचे कारखाने होते आणि गाडीतील वीज म्हणजे बॅटरी, आर्मेचर, कार्बन ब्रश व दिव्यांची वायरिंग एवढाच पसारा होता. आर्मेचर खरोखर जळले आहे की केवळ ब्रश झिजले आहेत, हे तपासल्याखेरीज वाइंडिंग सोडायचे नाही, हा त्यांचा शिरस्ता होता आणि घाईतल्या गिऱ्हाइकापुढेही तो त्यांनी मोडला नाही. आज आमच्याकडे प्रामुख्याने ऑटोमॅटिक आणि एएमटी (ऑटोमेटेड मॅन्युअल ट्रान्समिशन) गाड्यांचे ट्रान्समिशन कंट्रोल मॉड्यूल, म्हणजे गिअर बदलण्यावर ताबा ठेवणारा इलेक्ट्रॉनिक भाग, तपासण्याचे आणि आवश्यक असेल तरच ते बदलण्याचे काम चालते. त्या कामाची पद्धत मात्र आम्ही वडिलांच्या टेबलावरच शिकलो.

2000 च्या सुमारास कार्बुरेटर मागे पडून इंजेक्शनच्या गाड्या आल्या आणि गाडीत नोंदलेले दोषांचे कोड वाचणारा पहिला स्कॅनर आम्ही घेतला. तोपर्यंत ऑटोमॅटिक गिअरबॉक्स आमच्या भागात क्वचितच दिसे. 2014 मध्ये मारुतीने सेलेरिओ ही गाडी एएमटीसह बाजारात आणली आणि क्लच पेडल नसलेली गाडी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली. एएमटीचा गिअरबॉक्स आतून नेहमीचा मॅन्युअलच असतो. फरक इतकाच की क्लच दाबण्याचे आणि गिअर टाकण्याचे काम ॲक्च्युएटर करतो आणि त्याला हुकूम मॉड्यूल देते. पुढे काही वर्षांतच ‘गाडी मध्येच न्यूट्रल होते’, ‘गिअर पडताना झटका बसतो’ अशा तक्रारी घेऊन लोक येऊ लागले आणि या कामाचा स्वतंत्र अभ्यास केल्यावाचून आपला निभाव लागणार नाही, हे आम्हाला कळून चुकले.

गिअरबॉक्सच्या इनपुट आणि आउटपुट शाफ्टचा वेग, तेलाचे तापमान, ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, ब्रेकवर पाय आहे की नाही, ही सगळी माहिती मॉड्यूल क्षणोक्षणी घेत असते आणि त्यावरून कोणत्या सोलेनॉइडला (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हला) किती करंट द्यायचा हे ठरवते. इंजिनच्या मॉड्यूलशी त्याचा संवाद कॅन बसच्या, म्हणजे गाडीतील मॉड्यूलना एकमेकांशी जोडणाऱ्या जाळ्याच्या, दोन पिळलेल्या तारांवरून चालतो. यातले काही बिघडले की डॅशबोर्डवर दिवा लागतो आणि गाडी बहुधा एकाच गिअरमध्ये अडकून राहते. स्कॅनर लावला की ‘पी 0700’ किंवा ‘यू 0101’ असा कोड दिसतो. पहिला कोड केवळ ट्रान्समिशनच्या बाजूला काहीतरी दोष नोंदला गेला आहे एवढेच कळवतो, तर दुसऱ्याचा अर्थ मॉड्यूलशी संपर्क तुटला आहे असा होतो. या दोहोंपैकी कोणताही कोड मॉड्यूल निकामी झाल्याचा पुरावा नव्हे, हे मी येथे आवर्जून नोंदवतो, कारण केवळ कोड वाचून हजारो रुपयांचे मॉड्यूल मागवले गेल्याची उदाहरणे आम्ही वारंवार पाहिली आहेत.

2019 आणि 2021 या दोन्ही वर्षांच्या महापुरांनी आमच्या कामाला निर्णायक वळण दिले. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी 43 फूट आहे; दोन्ही वेळा पाणी त्याच्या कितीतरी वर गेले आणि शिरोलीजवळ महामार्गही बंद पडला. पूर ओसरल्यावर पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या टो होऊन येऊ लागल्या. काही गाड्यांत हे मॉड्यूल बॅटरीच्या ट्रेखाली, काहींत डॅशबोर्डमागे, तर काहींत गिअरबॉक्सच्या आत तेलातच बसवलेले असते. त्यामुळे पाणी कोठवर चढले होते, हा प्रश्न आम्ही त्या काळात सर्वांत आधी विचारत असू.

त्यांपैकी एका पुरानंतर शिरोळ तालुक्यातून आलेल्या दोन गाड्यांची हकीकत सांगण्याजोगी आहे, कारण दोन्हींत ‘यू 0101’ हाच कोड होता आणि दोन्हींच्या मालकांना मॉड्यूल बदलावे लागेल असे अन्यत्र सांगण्यात आले होते. पहिली गाडी एका निवृत्त शिक्षकांची होती. बॅटरी काढून डायग्नोस्टिक सॉकेटच्या (जेथे स्कॅनर जोडतात त्या सॉकेटच्या) 6 आणि 14 क्रमांकाच्या पिनांमध्ये रेझिस्टन्स मोजला तेव्हा तो 60 ओहम भरला. बसच्या दोन टोकांचे 120 ओहमचे दोन रेझिस्टर समांतर असल्याने तो तेवढाच असायला हवा, म्हणजे बसच्या तारा शाबूत होत्या. बॅटरी पुन्हा जोडून मॉड्यूलच्या कपलरवर (तारा जोडणाऱ्या प्लगवर) मल्टीमीटर लावला तर 12 व्होल्टच्या वर सप्लाय दिसत होता. परंतु त्याच ठिकाणी हेडलाइटचा बल्ब जोडून लोड देताच तो निम्म्यावर घसरला. नुसत्या मीटरने हा दोष कधीच सापडत नाही. मग अर्थची तार हाताने चाचपत गेलो. चेसिसवरच्या बोल्टखाली ती हिरवट कीट चढून जवळजवळ तुटायला आली होती. बोल्टखालचा भाग घासून साफ केला, तारेच्या टोकाला नवा लग (बोल्टखाली बसणारी धातूची कडी) लावला आणि गाडी सुरू करताच स्कॅनरवर मॉड्यूल बोलू लागले. ‘गुरुजी, तुमचे मॉड्यूल ठणठणीत आहे’, हे वाक्य उच्चारताना झालेला आनंद मी विसरलेलो नाही.

दुसऱ्या गाडीत लोड देऊनही सप्लाय पक्का राहिला, अर्थच्या बाजूचा व्होल्टेज ड्रॉप 0.1 व्होल्टच्या आत होता, बसही ठीक होती आणि तरीही मॉड्यूल निरुत्तर होते. खोलून पाहिले तर सीलच्या एका कोपऱ्यातून पाणी आत शिरून सर्किट बोर्डवर पांढरी रेघ उमटली होती आणि प्रोसेसरजवळचे टाके खाल्ले गेले होते. मॉड्यूल गेले, असे आम्ही त्यानंतरच लिहून दिले.

बदलण्याच्या कामात नट-बोल्टचा भाग सर्वांत कमी असतो. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडायची, कपलर ओढून न काढता त्याची लॉक उघडायची, पिनांना उघड्या हाताने स्पर्श करायचा नाही, एवढी पथ्ये पाळली की मॉड्यूल सहज निघते. जुने मॉड्यूल थोडेफार जरी संपर्कात असेल, तर त्यातील कोडिंग आणि शिकलेली मूल्ये काढण्यापूर्वीच वाचून ठेवतो. नव्या मॉड्यूलला त्या गाडीचा चेसिस क्रमांक आणि योग्य सॉफ्टवेअर द्यावे लागते. त्या वेळी आम्ही केवळ बॅटरीच्या भरवशावर राहत नाही, तर स्थिर व्होल्टेज देणारा पॉवर सप्लाय जोडतो आणि एसी, हेडलाइट, पंखा सगळे बंद ठेवतो, कारण सॉफ्टवेअर भरताना मध्येच व्होल्टेज पडले तर कोरे करकरीत मॉड्यूलही निकामी होऊ शकते. उद्यमनगरात वीज अचानक जात असल्याने त्या सप्लायमागे आम्ही इन्व्हर्टरही बसवला आहे.

त्यानंतर लर्निंग करावे लागते. एएमटीमध्ये क्लच नेमका कोठे पकडतो आणि प्रत्येक गिअरची जागा कोठे आहे, हे मॉड्यूलला नव्याने शिकावे लागते. ऑटोमॅटिकमध्ये तेल ठरलेल्या तापमानाला आणून हलक्या ॲक्सिलरेटरवर सगळे गिअर चढते-उतरते घ्यावे लागतात. ही पायरी गाळली तर चांगल्या मॉड्यूलवरही झटके बसतात आणि दोष विनाकारण नव्या भागावर येतो. म्हणून पन्हाळ्याच्या चढावर गाडी नेऊन आणल्याशिवाय आम्ही ती ताब्यात देत नाही; चढावरच्या वळणांत खालचा गिअर घेताना जे कळते, ते सपाट रस्त्यावर कळत नाही.

जुन्या बाजारातील मॉड्यूल लावा, असा आग्रह अनेक ग्राहक धरतात आणि किमती पाहता तो समजण्यासारखा आहे, कारण काही ड्युअल क्लच (दोन क्लच असलेल्या ऑटोमॅटिक) गाड्यांत मॉड्यूल व्हॉल्व्ह बॉडीसकट, म्हणजे गिअरबॉक्सचे तेल वळवणाऱ्या भागासकट, येते आणि खर्च लाखाच्या घरात जातो. परंतु अनेक मॉड्यूल पहिल्या गाडीशी बांधलेले असतात. म्हणून ते दुसऱ्या गाडीवर पुन्हा कोड करता येते का, आणि येत नसेल तर मूळ मॉड्यूलच्या मेमरीतील माहिती त्यावर उतरवता येईल का, हे आधी तपासूनच आम्ही होकार देतो. तपासणीचे पैसे आम्ही वेगळे आकारतो आणि घेतलेली सगळी मापे कागदावर लिहून ग्राहकाला देतो. सुरुवातीला यावर काहींनी नाराजी दर्शवली, परंतु आज आसपासचे गॅरेजवालेच गाडी आमच्याकडे तपासायला पाठवतात.

सध्या आम्ही गाडीतून काढलेले मॉड्यूल टेबलावरच चालवून पाहता यावे म्हणून एक टेस्ट बेंच उभारत आहोत. त्यावर 12 व्होल्टचा सप्लाय, बससाठी 120 ओहमचे रेझिस्टर आणि सोलेनॉइडच्या जागी त्याच मापाचे लोड बसवले आहेत; शाफ्टच्या वेगाचा सिग्नल हुबेहूब तयार करण्याचे काम बाकी असून, आयटीआय झालेली आमची दोन मुले वडिलांच्या जुन्या टेबलावर बसून तेच करत आहेत.