तुम्ही विचारलंत म्हणून: सिटीच्या बॉनेटखाली टर्बो मावला कसा?

हा प्रश्न मला आठवड्यातनं एकदा तरी येतोच. कधी फोनवर, कधी मित्राच्या गॅरेजवर एखादा पोरगा बॉनेटखाली वाकून बघतो आणि म्हणतो, दादा, इथं हात घालायला जागा नाही, टर्बो कुठनं घातलासा? गाडी म्हणजे २००१ची होंडा सिटी, १.५ लिटरचं व्हीटेक इंजिन, कंपनीतनं आली तेव्हा १०६ बीएचपीची, आमच्या वडिलांनी घेतलेली, आणि मी ती ट्रॅकसाठी बांधली.

तर खरं सांगतो, टर्बो, म्हणजे इंजिनच्या धुरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, मावतो. कुठल्याही गाडीत थोडं कापून, थोडं वाकवून मावतो. पण जागा शोधायची ती टर्बोसाठी नाही, त्याच्यातनं तेल परत चेंबरला (इंजिनच्या तळाशी तेल साठतं तिथं) जाणार कुठनं त्या वाटेसाठी शोधायची. हे मला आधी कळलं नव्हतं आणि त्यापायी माझे तीन महिने गेले, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

या सिटीचं इंजिन आडवं बसतं आणि मॅनिफोल्डची, म्हणजे धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांची, बाजू पुढं, रेडिएटरकडं येते. हेडपासून रेडिएटरच्या फॅनपर्यंत वीतभर जागा, आणि त्याच्याच खाली एका अंगाला एसीचा कॉम्प्रेसर. मी काय केलं, भंगारातनं एक जाम झालेला टर्बो आणला, प्लंबिंगचे पीव्हीसीचे बेंड आणि पुठ्ठा घेऊन सगळं खोटं खोटं बसवून बघितलं, दोन रविवार त्यातच गेले. ते बरोबरच होतं, अजूनही सगळ्यांना तेच सांगतो, चांगला टर्बो हातात घेऊन मापं काढत बसू नका, एकदा पडला तर चाक वाकतं आणि मग तो कामाचा राहत नाही. पण मी मापं काढली ती टर्बोची, मॅनिफोल्डची, इंटरकूलरच्या (टर्बोतनं आलेली गरम हवा गार करणाऱ्या जाळीच्या) पाइपची. तेलाचा पाइप काय, रबरी होज, वाकवला की वाकतो असं धरून चाललो.

उद्यमनगरात जे मेस्त्री आर्गन वेल्डिंग करतात त्यांच्याकडं मॅनिफोल्ड करायला गेलो तर त्यांनी भंगारातला टर्बो हातात घेतला, उलटा केला, खालच्या भोकात बोट घातलं आणि म्हणाले, "बसंल रं भावा, पर ह्यातनं तेल खाली कसं उतरणार ते सांग की." मी म्हटलं होज टाकतो. ते काही बोलले नाहीत, काम करून दिलं, आणि काम एक नंबर केलं. जाड पाइपचे बेंड, फ्लँज (हेडला टेकणारी जाड पट्टी) जुन्या हेडला बोल्टनं आवळून मग वेल्डिंग, कारण मोकळी ठेवली तर उष्णतेनं फ्लँज केळ्यासारखी वाकते आणि मग कितीही पॅकिंगं घाला, लीक थांबत नाही.

पहिल्यांदा बसवलं तेव्हा एसी ठेवायचा हट्ट होता माझा. त्यामुळे तेलाचा परतीचा पाइप कॉम्प्रेसरच्या अंगावरनं जवळजवळ आडवा गेला. गाडी सुरू झाली, आवाज छान, बूस्ट, म्हणजे टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब, आला, आणि सिग्नलला थांबल्यासारखी दोन मिनिटं आयडलला ठेवली की सायलेन्सरमधनं निळा धूर. मला वाटलं टर्बोचं सील गेलं. टर्बो उतरवला, तपासून घेतला, सील ठणठणीत. परत बसवला, परत धूर. असं दोनदा झालं.

कारण असं की टर्बोत तेल इंजिनच्या प्रेशरनं जातं, पण बाहेर पडताना त्याला ढकलणारं कुणी नसतं. शाफ्ट मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतो, त्यात तेल घुसळून निघतं आणि ताकाच्या फेसासारखं होऊन खाली येतं, आणि ते फक्त स्वतःच्या वजनानं उतरायचं असतं. पाइप बारीक असला, आडवा असला, मध्ये कुठं झोळ पडला, किंवा चेंबरमध्ये तेलाच्या पातळीखाली जोडला, की तेल वर तुंबतं आणि मग सील चांगलं असलं तरी त्याच्या कडेनं घुसतं. म्हणून पाइप आतनं कमीत कमी १६ मिलिमीटर पाहिजे, शक्य तितका सरळ खाली, आणि टर्बोचं खालचं तोंड उभ्या रेषेपासून फार तर ३०-३५ अंश कललेलं चालतं, त्याच्या पुढं नाही. टर्बोच्या दोन्ही बाजूची घरं (चाकांवरची कवचं) ढिली करून हवी तशी फिरवता येतात, मधलं अंग मात्र तेल सांगेल तसंच बसवायचं.

मग एसी काढला. आईला वाईट वाटलं, गाडी वडिलांची, उन्हाळ्यात आम्ही त्याच एसीत पंढरपूरला जायचो. पण कॉम्प्रेसर निघाला तिथनं पाइप सरळ चेंबरला उतरला, पुढचा कंडेन्सर निघाला तिथं इंटरकूलर बसला, आणि रेडिएटरचा मागचा फॅन काढून पातळ फॅन पुढनं ढकलणारा लावला, म्हणजे टर्बोला आणखी अडीच बोटं जागा मिळाली. मॅनिफोल्ड दुसऱ्यांदा केला, दोन इंच वर उचलून. मेस्त्रींनी दुसऱ्या वेळी निम्मेच पैसे घेतले.

आणखी एक गोष्ट जी उभ्या गाडीत दिसत नाही. इंजिन फाउंडेशनवर, म्हणजे त्याच्या रबरी बैठकींवर, हलतं. पुढं पळताना ते मागं झुकतं, पण रिव्हर्सला रेडिएटरकडं येतं. मी टर्बोच्या गार (हवा ओढणाऱ्या) बाजूवर कणकेचा गोळा चिकटवला, गाडी चढावर रिव्हर्स घेतली, झटक्यानं क्लच सोडला आणि मग गोळा काढून बघितला. जिथं मला बोटभर जागा दिसत होती तिथं कणीक चपातीएवढी चपटी झालेली, त्यावर रेडिएटरच्या जाळीचे वळ उमटलेले. जुनी फाउंडेशनं बदलली तेव्हा गोळा जाड राहिला.

उष्णतेचं थोडक्यात सांगतो. फुल लोडवर पेट्रोलचा धूर ८००-९०० अंशांपर्यंत जातो, डिझेलचा एवढा तापत नाही, म्हणून डिझेल गाडीचा जुना टर्बो चालेल का विचारणाऱ्यांना मी नको म्हणतो. पत्र्याचं कवच, पाइपला हीट रॅप, आणि प्लॅस्टिक व रबर जितकं लांब नेता येईल तितकं लांब. नटबोल्टला पाना फिरायला जागा ठेवा. ट्रॅकवरनं आल्यावर लगेच बंद करू नका, तेल आतच करपतं.

बूस्ट मी ६ पीएसआयच ठेवलाय, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दाबावर आणखी साधारण ४० टक्के. या इंजिनचे पिस्टनचे रॉड बारीक, त्यांच्याकडनं जास्त अपेक्षा करू नये. मोठे इंजेक्टर, वेगळा ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) आणि नीट ट्यूनिंग याशिवाय तेवढाही लावू नका.

आणि रस्त्याचं विचाराल तर, मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. नोंदणीत कंपनीनं दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळं काही करता येत नाही, सुप्रीम कोर्टानं २०१९मध्ये ते स्पष्टही केलंय. अपघात झाला तर इन्शुरन्सवाले काय म्हणतील हे वेगळं सांगायला नको. माझी सिटी ट्रेलरवरनं कोईमतूरच्या कारी स्पीडवेला जाते आणि ट्रेलरवरनंच घरी येते.

तेव्हा आता कुणी फोन केला की मी गाडी कुठली हे नंतर विचारतो. आधी म्हणतो, जॅकवर चढव, खाली झोप, टर्बो जिथं बसवायचा म्हणतोस तिथनं चेंबरपर्यंत ओळंबा सोड आणि त्याचा फोटो पाठव.