टेक्सासच्या टेकड्यांत चितळामागे : जनावर मुबलक असताना शिकार अवघड कशी ठेवावी

जंक्शन हे टेक्सासच्या किंबल काउंटीतलं लहानसं गाव. उत्तर आणि दक्षिण लानो या दोन नद्या इथे एकत्र येतात. सॅन अँटोनियोहून आय-१० महामार्गाने पावणेदोन तास, ह्यूस्टनहून साधारण पाच. जूनच्या अखेरीस संध्याकाळी नदीकाठच्या कुरणावर दुर्बीण फिरवली, तर एकाच कळपात तीस-चाळीस चितळ सहज दिसतात. ताडोब्यात जिप्सीतून दिसतं तेच हे जनावर. टेक्सासात ते १९३२ साली आणलं गेलं, पुढे कुंपणाबाहेर पडलं आणि एडवर्ड्‌‍स पठारावर मोकळं वाढलं. २०२१ च्या फेब्रुवारीतल्या हिमवादळात खूप मेलं, तरी आज कमी आहे असं कोणी म्हणणार नाही.

राज्याच्या कायद्यात चितळ ‘परदेशी प्राणी’ आहे. म्हणून त्याला हंगाम नाही आणि किती मारावीत यावर सरकारी मर्यादाही नाही. लागते ती जागेच्या मालकाची परवानगी आणि शिकारीचा परवाना. अडचण इथूनच सुरू होते. मका उधळणाऱ्या फीडरसमोरच्या लपणात पहाटे बसलं, तर फीडर वाजल्यावर अर्ध्या तासात काम संपतं. एवढ्यासाठी पाच तास गाडी चालवायची आणि मालकाला हजारो डॉलर मोजायचे, याला काही अर्थ नाही.

यावर बहुतेक जण पहिला उपाय काढतात तो अंतर वाढवण्याचा, आणि आमच्या मते तोच सगळ्यात वाईट. पाचशे यार्डांवरून .३०८ रायफलची गोळी पोचायला अर्ध्या सेकंदाहून जास्त लागतं. ताशी दहा मैलांचा आडवा वारा तिला वीस इंचांहून जास्त ढकलतो. तेवढ्या वेळात चरणारं चितळ एक पाऊल पुढे टाकतं आणि फुप्फुसावर धरलेला नेम पोटात जातो. जनावर दुसऱ्याच्या कुंपणापलीकडे जाऊन मरतं. अवघड करायचं ते जनावराजवळ पोचणं. शेवटचा बार किंवा बाण जमेल तितका सोपाच असला पाहिजे. आमच्या इथल्या शिकारफेरीचे सगळे नियम याच एका गोष्टीवरून ठरले होते: फीडरपासून दोनशे यार्डांच्या आत शिकार नाही, गाडीतून किंवा लपणातून नाही, रायफलला शंभर यार्डांची हद्द, धनुष्याला ज्याची त्याची सिद्ध झालेली हद्द, आणि कोणतं जनावर घ्यायचं ते माग सुरू करण्यापूर्वी ठरलेलं.

आधी कागदपत्रं, कारण इथे अमेरिकेतली आपली मंडळी चुकतात. टेक्सासात सलग सहा महिन्यांहून जास्त राहिलेल्याला रहिवाशाचा परवाना २५ डॉलरला मिळतो. बाहेरच्यांना चितळासाठी पाच दिवसांचा ४८ डॉलरचा परवाना पुरतो. वर्ष १ सप्टेंबर ते ३१ ऑगस्ट चालतं, त्यामुळे जूनमध्ये घेतलेला वार्षिक परवाना दोन-अडीच महिन्यांतच संपतो. २ सप्टेंबर १९७१ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम करावा लागतो. वय १७ किंवा त्याहून जास्त असेल तर तो पूर्ण ऑनलाइन होतो.

एच-१बी किंवा तत्सम तात्पुरत्या व्हिसावर असाल तर हे नीट वाचा. अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने अशा माणसाला बंदूक किंवा काडतूस जवळ बाळगायला मनाई आहे. त्यातल्या अपवादांपैकी आपल्या उपयोगाचा एक म्हणजे वैध शिकार परवाना. मित्राची रायफल हातात घेणं हेही बाळगण्यातच मोडतं. म्हणजे परवाना खिशात येण्यापूर्वी रेंजवर सरावालाही बंदूक उचलू नये. धनुष्याला हा केंद्रीय कायदा लागू नाही, आणि आपल्याकडचे बरेच जण धनुष्याकडे वळतात त्याचं हेही एक कारण आहे.

मालकाशी बोलताना तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: परवानगी, नराचा आणि मादीचा दर, आणि जखमी जनावर सापडलं नाही तर काय. बहुतेक ठिकाणी रक्त सांडलं की पूर्ण पैसे द्यावे लागतात, आणि ते योग्यच आहे. मोठ्या नराला दीड ते तीन हजार डॉलर लागतात, मादीला काही शे. ‘हाय फेन्स’ म्हणजे आठ फुटी जाळीच्या आतलं रान की साधं गुरांचं कुंपण, हेही विचारा. बुटक्या कुंपणाचं मोकळं रान घ्यावं. तिथलं चितळ कुंपणाखालून सरपटत पलीकडे जातं, त्यामुळे सकाळी पाहिलेला नर संध्याकाळी असेलच असं नाही. मात्र जखमी जनावर शेजारच्या जागेत गेलं, तर तिथल्या मालकाच्या परवानगीशिवाय आत जाता येत नाही. म्हणून हद्दीच्या कुंपणापासून दोनशे यार्ड आत राहूनच बार टाकायचा.

आता रान. चुनखडीच्या बुटक्या टेकड्या, त्यांवर जुनिपरची दाट झुडपं (स्थानिक लोक त्याला सीडर म्हणतात), मोकळ्यावर लाइव्ह ओक, मेस्किट आणि फड्या निवडुंग, नदीकाठी पेकानची मोठी झाडं. जूनमध्ये पारा ३५ अंशांपर्यंत जातो. सूर्योदय पावणेसातच्या आसपास, सूर्यास्त रात्री नवाच्या थोडा आधी. मे ते ऑगस्ट हा माजाचा मुख्य काळ. चितळाचे नर सगळे एकाच वेळी शिंगं गाळत नाहीत, पण या महिन्यांत मखमल (वाढत्या शिंगांवरची केसाळ कातडी) उतरलेले, कडक शिंगांचे नर सर्वांत जास्त मिळतात. माजावरच्या नराचं ओरडणं पहाटे दूरवर ऐकू येतं. त्या आवाजावरून दिशा धरून दिवसाची सुरुवात करता येते.

हरणं जास्त म्हणजे काम सोपं, हा समज पायी निघाल्यावर तासाभरात जातो. नर एकटा असेल तर एका जोडी डोळ्यांना चुकवायचं असतं. तो तीस माद्यांत असेल तर साठ डोळे आणि साठ कान चारी बाजूंना असतात. त्यात एखादी म्हातारी मादी गवताला तोंडही न लावता उभीच असते. आधी तिला शोधायचं, नराला नंतर. तिने पुढचा पाय आपटला आणि शेपूट वर केलं, की पुढची पायरी म्हणजे ती सगळ्यांना ठाऊक असलेली किंकाळी.

जमलेली पद्धत अशी. पहाटे टेकडीच्या कडेला, आकाशरेषेच्या खाली बसून १०×४२ च्या दुर्बिणीने कळप फक्त पाहायचा. उजाडल्यावर दीड-दोन तासांत उन्हाचा चटका लागतो आणि कळप ओकच्या सावलीत रवंथ करायला बसतो. बसलेला कळप जागा बदलत नाही, त्यामुळे आखणी करता येते. टेक्सासच्या या भागात उन्हाळ्यात वारा बहुधा दक्षिणेकडून किंवा आग्नेयेकडून येतो, म्हणून उत्तरेकडून शिरायचं. पण हा मोठा वारा झाला. पहाटे थंड हवा उतारावरून खाली वाहते आणि ऊन तापलं की वर चढू लागते. साडेआठ ते साडेनऊच्या सुमारास हा पालट होतो, आणि त्या वेळात ओढ्यातून वर चढणाऱ्याचा वास थेट कळपात जातो. म्हणून पालट पूर्ण होईपर्यंत थांबायचं. वारा कुठे जातोय ते कळायला बिनवासाच्या पावडरची छोटी पिचकारी दर पन्नास पावलांवर दाबून पाहावी. सुकलेलं गवत चुरून सोडलं तरी चालतं.

शेवटचे शंभर यार्ड कापायला तास गेला तर ते वेळापत्रकाप्रमाणेच चाललंय असं समजा. कोरडा ओढा मिळाला तर उत्तम, मात्र खडकाच्या कपारीत न पाहता हात घालू नये, कारण दुपारी रॅटलस्नेक हा विषारी साप तिथेच सावलीला असतो. बूट काढून मोज्यांवर चालण्याचा सल्ला पुष्कळ जण देतात. इथे निवडुंगाची काटेरी पानं गवतात लपलेली असतात, तेव्हा बुटावरून चढवायचे जाड लोकरी मोजे वापरा. गुडघ्यांना पॅड आणि चामड्याचे हातमोजे नसतील तर रांगणं वीस यार्डांतच संपतं. सगळी डोकी खाली असताना हलायचं, एक जरी वर आलं तरी होतो तसं थिजायचं, एक पाय हवेत असला तरी. किंकाळी झाली आणि कळपाला वास आलेला नसेल, तर पंधरा-वीस मिनिटं तिथेच पडून राहावं. चितळ संशयाने थोडं पळतं, वळून पाहतं आणि बरेचदा परत चरायला लागतं. वास आला असेल तर तो कळप दिवसापुरता सोडून द्या.

धनुष्यवाल्यांसाठी एक हिशेब. चितळ प्रत्यंचेच्या आवाजाला दचकून खाली दबतं, पांढऱ्या शेपटीच्या स्थानिक हरणापेक्षाही चटकन. कंपाउंड (कप्पी लावलेल्या) धनुष्याचा बाण सेकंदाला २८० फूट गेला तरी ३० यार्डांना ०.३२ सेकंद घेतो. आवाज तिथे ०.०८ सेकंदात पोचतो. जनावराला पाव सेकंद मिळतो, आणि तेवढ्यात ते पळायच्या तयारीत अंग इतकं खाली सोडतं की बाण पाठीवरून जातो. २० यार्डांना हाच वेळ ०.१६ सेकंद उरतो. कप्पी नसलेलं साधं रिकर्व्ह धनुष्य सेकंदाला १८० फुटांनी बाण सोडतं, म्हणजे त्याचे १५ यार्ड हे कंपाउंडच्या २५ यार्डांइतके धरा. बाण जड असू द्या, फाळासकट ४५० ते ५०० ग्रेन. तो थोडा हळू जातो, पण धनुष्याचा आवाज कमी होतो. नेम छातीच्या खालच्या तिसऱ्या भागावर ठेवा: दबलं तर फुप्फुस, उभं राहिलं तर हृदय. कळप सावध उभा असेल तर बाण सोडूच नका, अंतर कितीही कमी असलं तरी.

स्वतःची हद्द अशी काढावी. गुडघ्यावर बसून, दिवसाचा पहिला बाण न तापलेल्या हाताने, सहा इंची ताटलीत. वेगवेगळ्या दिवशी असे दहापैकी नऊ बाण ज्या अंतरावर आत बसतात, त्यातून पाच यार्ड वजा करा. रेंजवर उभं राहून सलग मारलेले सुंदर गट इथे उपयोगाचे नाहीत.

रायफलवाल्यांना दाट कळपात वेगळाच धोका आहे. .३०८ किंवा .२७० ची गोळी शंभर यार्डांवर चितळाच्या आरपार जाते आणि मागच्या मादीला लागते. नर पूर्ण सुटा उभा राहीपर्यंत थांबायचं, मागे माती दिसली पाहिजे. या एका नियमानेच इतकी वाट पाहावी लागते की आणखी कठीण काही शोधावं लागत नाही. ज्यांना हवंच असेल त्यांनी एकबारी रायफल घ्यावी, किंवा सुरुवातीला फक्त कॅमेऱ्याने तीस यार्डांत पोचून दाखवावं.

निवडीकडे लोक फार कमी लक्ष देतात. शिंगांच्या इंचांपेक्षा वय पाहा. म्हाताऱ्या नराची मान जाड, अंगाचा आणि तोंडाचा रंग गडद, पोट थोडं ओघळलेलं. ३० इंच शिंगांचा तरुण नर सोडून २७ इंचांचा म्हातारा शोधणं हे फार कसाचं काम आहे. मादी घेणं त्याहून कठीण, असं अनुभवी लोक मानतात. चितळाची पाडसं वर्षभर जन्मतात आणि गवतात लपून असतात. त्यामुळे मादी एकटी दिसली तरी तिच्यावर वीस मिनिटं नजर ठेवावी, मागचे पाय पसरतात तेव्हा सड भरलेले आहेत का ते पाहावं, आणि शंका राहिली तर दुसरी शोधावी. मालकालाही माद्याच कमी झालेल्या हव्या असतात. चितळ गवत खातं आणि गवत संपलं की पाल्यावर जातं, मग गुरं आणि स्थानिक हरीण दोघांनाही कमी पडतं.

बाण लागल्यावर घाई नको. फेसाळ, गुलाबीसर रक्त म्हणजे फुप्फुस, अर्धा तास थांबा. गडद लाल म्हणजे यकृत, तीन-चार तास. बाणावर हिरवट घाण आणि वास असेल तर पोट, आणि तिथे सहा तासही कमीच. पण ३५ अंशांत सहा तासांत मांस जातं. म्हणून संध्याकाळच्या शेवटच्या अर्ध्या तासात धनुष्य खाली ठेवायचं, आणि शंका असलेला बाण कधीच सोडायचा नाही.

जनावर पडल्यापासून अर्ध्या तासात पोट साफ व्हावं, तासाभरात कातडी उतरावी. मांड्यांचा गाभा सर्वांत उशिरा गार होतो आणि हाडाजवळ तिथेच आधी वास धरतो, म्हणून मांड्या आधी सुट्या करा. मोठ्या नराला ४० पौंड बर्फ धरा. तो आदल्या दिवशीच जंक्शनमध्ये घ्यावा, फोनला रेंज नसलेल्या रानातून दुपारी बर्फासाठी धावणं हा वेळेचा सत्यानाश आहे. कूलरची तोटी उघडी ठेवून तो किंचित तिरका ठेवा, मांस पाण्यात बुडालेलं नको. चितळाच्या मांसाला चरबी जवळजवळ नसतेच. मटणासारखं तासभर शिजवलं तर कोरडं पडतं. मांडीचं सुकं तेल जरा सढळ घालून झटपट करावं, आणि रश्शासाठी नळी व मानेचा भाग ठेवावा, तो मंद आचेवर अडीच-तीन तास घेतो.

शिंगं मात्र अमेरिकेतच ठेवा. भारतात १९७२ च्या वन्यजीव कायद्याने चितळाची शिकार तर बंद आहेच, शिंगं परवान्याशिवाय बाळगणं हाही गुन्हा आहे, आणि मुंबई विमानतळावर टेक्सासची पावती दाखवून सुटका होत नाही.