कुस्कोवोत बाईंनी विचारलेला प्रश्न

मॉस्कोच्या नेहमीच्या टूरमध्ये कुस्कोवो नसतं. लाल चौक, क्रेमलिन, मेट्रोची दोन-चार देखणी स्टेशनं, आर्बात रस्त्यावर लाकडी बाहुल्यांची खरेदी, की झालं मॉस्को. त्या वर्षी मात्र मे महिन्यात विजयदिनाच्या संचलनाची तालीम होती, लाल चौक बंद राहणार होता, आणि तिथल्या एजंटाने हे आम्हाला कळवलं ते आदल्या रात्री. सकाळी नाश्त्याला आमच्या मंडळींचे चेहरे बघण्यासारखे झाले होते. मी रशियन शिकले तेव्हापासून कुस्कोवो बघायचं मनात होतं. म्हटलं, हीच वेळ.

कुस्कोवो म्हणजे शेरेमेत्येव घराण्याचं उन्हाळ्यात राहायचं ठिकाण, मॉस्कोच्या पूर्वेला. आज शहर त्याच्या चहूबाजूंनी वाढलंय, तेव्हा सगळं रान. रशियातल्या अतिश्रीमंत घराण्यांपैकी हे एक. अठराव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्याकडे दोन लाखांच्या आसपास भूदास होते. जमिनीबरोबर विकता येतील, आंदण देता येतील अशी माणसं. १८६१पर्यंत हे कायदेशीर होतं. बसमध्ये माइकवर मी हे सांगत होते तेव्हा मागच्या सीटांवर भडंग फिरत होतं.

माझा जीव मात्र आभाळाकडे लागला होता. तिथला राजवाडा लाकडी आहे आणि हवेतला दमटपणा फार वाढला की तो बंद ठेवतात. तिकीट खिडकीतल्या बाईंना विचारलं तर त्या आभाळाकडे बघून म्हणाल्या, "बघू." टूर मॅनेजरला या शब्दाइतका राग दुसऱ्या कशाचा येत नाही.

तोवर बाग फिरू म्हटलं. तळ्याकाठी ग्रोटो, म्हणजे कृत्रिम गुहा आहे, आतून शिंपल्यांनी आणि रंगीत काचेने मढवलेली. बांधली फ्योदोर अर्गुनोव या वास्तुकाराने, आणि तोही शेरेमेत्येवांचा भूदास. पुढे हर्मिटेज नावाचा छोटा दुमजली मंडप. वरच्या मजल्यावर निवडक पाहुण्यांची पंगत बसायची आणि मांडलेलं टेबल यंत्राने खालून वर यायचं, म्हणजे मेजवानीत नोकर डोळ्यांसमोर नकोत.

"अगबाई, म्हणजे वाढायची कटकटच नाही, सगळं आपोआप!" एक काकू म्हणाल्या.

"आपोआप कसलं? खाली कोणीतरी फिरवत असणारच की," चिपळूणचे काका म्हणाले. त्यांची लाकडाची वखार होती. नंतर त्यांनी राजवाड्याची फिक्या गुलाबी रंगाची भिंत बोटाच्या पेराने ठोकून बघितली, लगेच रखवालदारीणबाईंचं ओरडणंही खाल्लं, आणि खूश होऊन सांगत आले, "दगड नाही हा, फळ्या आहेत! वर रंग." खरंच होतं. लाकडी सांगाडा, त्यावर फळ्या, आणि लांबून पाहणाऱ्याला दगडी महाल वाटावा असा सगळा थाट. काउंट प्योत्र शेरेमेत्येवने १७६९ ते १७७५ या काळात तो बांधून घेतला. दर्शनी त्रिकोणावर त्याचीच आद्याक्षरं आहेत, वर मुकुट.

अकराच्या सुमाराला ऊन पडलं आणि एकदाचा राजवाडा उघडला.

आरशांचं दालन सगळ्यांना आवडलं, फोटो झाले. मला दाखवायचं होतं ते एक चित्र. लाल शाल घेतलेली, बारीक चणीची बाई, मोठे काळे डोळे, गळ्यात एका पुरुषाची इवलीशी तसबीर. ही प्रास्कोव्या, रंगमंचावरचं नाव झेम्चुगोवा. लोहाराची मुलगी, जन्माने शेरेमेत्येवांची भूदास. लहानपणी वाड्यावर आणली, गाणं आणि परकीय भाषा शिकवल्या, आणि अकराव्या वर्षी १७७९ मध्ये घराण्याच्या खासगी रंगमंचावर उभी केली. ती कुस्कोवोची मोठी गायिका झाली. प्योत्रचा मुलगा निकोलाय तिच्या प्रेमात पडला, १७९८ मध्ये त्याने तिला मुक्त केलं, १८०१ मध्ये गुपचूप लग्न केलं. गळ्यातली तसबीर त्याचीच. १८०३ मध्ये मुलगा झाला आणि तीन आठवड्यांत ती गेली.

काकूंचे डोळे भरले. मी पुढच्या दालनाकडे वळणार, तोच साताऱ्याच्या बाईंनी विचारलं, "आणि हे चित्र काढलं कोणी?" त्या निवृत्त शिक्षिका, म्हणून सगळा ग्रुप त्यांना बाईच म्हणायचा.

"निकोलाय अर्गुनोवने. त्या ग्रोटोवाल्यांच्याच घरातला. याचे वडील इव्हान, तेही नावाजलेले चित्रकार."

"मग हाही भूदासच?"

"हो. हे काढलं तेव्हाही होता."

"म्हणजे ती सुटली, तिच्यासमोर ब्रश घेऊन उभा असलेला हा नाही सुटला. का?"

माझ्याकडे तारखा होत्या. वडील इव्हान १८०२ मध्ये वारले ते भूदास म्हणूनच. मुलाला मुक्ती मिळाली ती काउंट निकोलाय शेरेमेत्येव १८०९ मध्ये वारल्यावर, तीही काही वर्षांनी. 'का'चं उत्तर कुठल्या माहितीपत्रकात नव्हतं. दाराशी खुर्ची टाकून बसलेल्या आजी मघापासून आमच्याकडे बघत होत्या. काय विचारतायत म्हणाल्या. मी सांगितलं. त्यांनी विणकामावरून मान न उचलता उत्तर दिलं, "घरात इतका चांगला चित्रकार असताना कोण सोडेल?"

मी ते जसंच्या तसं मराठीत सांगितलं. काका एकदम हसले आणि लगेच गप्पही झाले. बाई परत चित्राजवळ गेल्या आणि चष्मा वर करून शालीच्या घड्या निरखत राहिल्या. बाहेर बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता, इंडियन रेस्टॉरंटचं बुकिंग टळत होतं, तरी त्या दालनातून आमचा ग्रुप हलेना. लाल चौक चुकला म्हणून सकाळी सर्वांत जास्त कुरकुरणारे गृहस्थ तर अर्गुनोवची आणखी चित्रं कुठल्या खोलीत आहेत ते विचारत होते.

परतताना बस गार्डन रिंगवरून नेली. तिथे खांबांचं अर्धवर्तुळ असलेली मोठी इमारत लागते. काउंट निकोलायने गोरगरिबांसाठी आश्रम आणि दवाखाना म्हणून ती बांधायला घेतली होती; प्रास्कोव्या गेल्यावर क्वारेंगी या वास्तुकाराकडून आराखडा बदलून तिला तिचं स्मारक केलं. १८१० मध्ये ती उघडली. आज तिथे स्क्लिफोसोव्स्की ही अपघाती रुग्णांवर उपचार करणारी प्रसिद्ध संस्था आहे.

तेवढ्यात काकूंना पुण्याहून सुनेचा फोन आला. "अगं, लोहाराची पोर, काउंटाशी लग्न झालं, केवढा महाल!" असं रंगात येऊन चाललं होतं. मागच्या सीटवरून बाईंनी त्यांच्या खांद्यावर टिचकी मारली.

"चित्रकाराचं सांगा की तिला."

"अहो, सांगते हो," काकू म्हणाल्या, आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे वळल्या, "काय गं नाव त्याचं?"