आमदाराचं शुक्रवारचं पत्र

२०२५च्या जानेवारीत अण्णा चार महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बॅगेत ज्वारीचं पीठ, येसर आणि गावाकडच्या तक्रारी. घरात पडलेलं सोयाबीन, हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये असूनही खरेदी केंद्रावर बारदाना, म्हणजे भरायला पोती, नाही म्हणून न झालेलं माप, हे सगळं त्यांनी सिएटल विमानतळ ते घर एवढ्या पाऊण तासात मला ऐकवलं. बाहेर पाऊस. तो नंतर मार्चपर्यंत थांबलाच नाही म्हणा.

अण्णा तीस वर्षं ग्रामसेवक होते. रिटायर होऊन बारा वर्षं झाली, पण कागद दिसला की वाचायचा ही सवय गेली नाही. माझा मेल उघडा असला तरी चष्मा लावून उभे राहायचे. अशाच एका शुक्रवारी त्यांना ते पत्र दिसलं.

"बाई, हे कुणाचंय?"

"इथल्या आमदारबाईंचं. दर आठवड्याला येतं अधिवेशन चालू असताना."

"तुला? तू तर मतदार बी न्हाईस."

खरंच आहे. मी व्हिसावर आहे, मला मत नाही. पण पत्र येतं, कारण मी एकदा माझा पत्ता दिला होता.

थोडं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही राहतो ते वॉशिंग्टन म्हणजे ट्रम्प बसतात ते नव्हे. मला हे मावशीला फोनवर दर वेळी सांगावं लागतं. हे पश्चिम किनाऱ्यावरचं राज्य. राजधानी ऑलिंपिया, सिएटलपासून साधारण शंभर किलोमीटर. विधिमंडळ जानेवारीच्या दुसऱ्या सोमवारी सुरू होतं, विषम वर्षी १०५ दिवस आणि सम वर्षी ६० दिवस. विषम वर्षी दोन वर्षांचं बजेट एकदम करतात म्हणून दिवस जास्त. मतदारसंघ ४९, आणि प्रत्येकातून एक सिनेटर नि दोन प्रतिनिधी. म्हणजे माझ्या घराला तीन आमदार. अधिवेशन संपलं की त्यातले बरेच जण आपापल्या धंद्या-नोकरीला परत जातात.

त्या पत्रात बाईंनी लिहिलं होतं की अमुक विषयावरचं माझं विधेयक समितीतून बाहेर पडलं नाही, तारीख उलटली, आता या वर्षी ते मेलं.

"विधेयक मरतं व्हय?" अण्णांना हसू आलं. मग चष्मा काढून म्हणाले, "आपलं काम झालं न्हाई हे स्वतःच लिहून कळवायलीय ही. कुणी विचारलं होतं का हिला?"

इथे विधेयकाला टप्प्याटप्प्याच्या शेवटच्या तारखा असतात. समितीची वेगळी, ज्या सभागृहात मांडलं तिथली वेगळी, दुसऱ्या सभागृहाची वेगळी. तारीख चुकली की बहुतेक विधेयकं तिथेच संपतात. त्यामुळे पत्रात जगलेल्यांची आणि मेलेल्यांची अशी दोन्ही यादी असते. अण्णांना हा प्रकार फार आवडला. दर शुक्रवारी विचारायचे, "आज किती गेले?"

आमच्या घराशी संबंध असलेलं एक विधेयक मात्र जिवंत होतं. घरभाड्याचं. आदल्या वर्षी आमचं भाडं एका झटक्यात २,१५० वरून २,४८० डॉलर झालं होतं. मालकाचं पत्र आलं, दोन ओळींचं. कारण काही नाही. अशी वाढ किती टक्क्यांपर्यंत करता येईल याला मर्यादा घालणारं एक विधेयक २०२४ मध्ये सिनेटमध्ये अडकून गेलं होतं, २०२५ मध्ये क्रमांक १२१७ घेऊन ते पुन्हा आलं.

यावर सुनावणी होती. विधिमंडळाच्या संकेतस्थळावर जायचं, समिती निवडायची, विधेयक निवडायचं, आणि 'बाजूने', 'विरोधात' किंवा 'इतर' यावर खूण करायची. बोलायचं असेल तर घरबसल्या व्हिडिओवरून बोलता येतं, फक्त सुनावणीच्या तासभर आधी नाव नोंदवावं लागतं. नागरिक आहात का, असं कुणी विचारलं नाही. मी बोलले नाही, धीर झाला नाही. 'बाजूने' एवढीच खूण केली. अण्णा मागे उभे राहून बघत होते. म्हणाले, "सही न्हाई, अंगठा न्हाई. ह्याचं प्रोसिडिंग कोण लिहितंय?"

सुनावणी आम्ही दोघांनी ऑनलाइन बघितली. प्रत्येकाला मिनिट-दीड मिनिट. एक घरमालक बोलत होता, विम्याचा हप्ता, दुरुस्ती, कर. त्याचंही खोटं नव्हतं. वेळ संपली तसं समितीच्या अध्यक्षांनी त्याला "थँक यू" म्हणून थांबवलं, वाक्य अर्धंच राहिलं. अण्णा म्हणाले, आमच्या ग्रामसभेत असं केलं असतं तर माइक फेकून मारला असता.

मार्चमध्ये एका शनिवारी शाळेच्या लायब्ररीत मतदारांची बैठक होती. अण्णा पांढरा शर्ट, टोपी घालून तयार. आम्ही दहा मिनिटं लवकर पोचलो. आत एक बाई भिंतीजवळच्या घडीच्या खुर्च्या उघडून रांगेत लावत होत्या. कोपऱ्यात पुठ्ठ्याच्या खोक्यातली कॉफी.

"आमदार यायच्यात का अजून?" अण्णांनी हळूच विचारलं.

"अण्णा, त्याच त्या. खुर्च्या लावायल्यात त्या."

अण्णा उठले आणि चार खुर्च्या त्यांनीही लावल्या. त्यांना बसून राहवेना.

प्रश्न छोट्या कार्डावर लिहून द्यायचे होते. अण्णांनी सांगितला, मी इंग्रजीत लिहिला: या अधिवेशनात तुम्ही किती वेळा गैरहजर होतात? बाई हसल्या. म्हणाल्या, दोन मतदानं चुकली, मुलगी आजारी होती त्या दिवशी. मग भाड्याचा विषय निघाला. मागच्या रांगेतला एक माणूस, सहा घरांचा मालक, जोरात बोलायला लागला. बाईंनी त्याचं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, मी या विधेयकाच्या बाजूने मत देणार आहे, तुम्हाला ते आवडणार नाही हे मला माहीत आहे.

अण्णा परत येताना गाडीत बराच वेळ गप्प होते. "तोंडावर सांगितलं," एवढंच म्हणाले. आपल्याकडे 'बघू, करू, साहेबांच्या कानावर घालतो' यावर माणूस समाधानाने घरी जातो.

आणखी एक गोष्ट त्यांनी टिपली. बैठक संपल्यावर एका म्हाताऱ्याने चेकबुक काढलं तशा बाई दोन पावलं मागे सरल्या. अधिवेशनाच्या ३० दिवस आधीपासून ते संपेपर्यंत निवडणुकीसाठी वर्गणी घेता येत नाही, असा इथला कायदा आहे. अण्णांना मी तीनदा सांगितलं तरी पटलं नाही.

पण सगळंच गोड नव्हतं. एका बाईने नवऱ्याच्या व्हिसाचं दुखणं मांडलं, तर उत्तर आलं, ते केंद्राचं काम, माझ्या हातात नाही. अण्णा तिथे बिथरले. "मग ही काय कामाची?" मागे मावशीला लातूरहून सोलापूरला हलवायची वेळ आली, तेव्हा आमदारांच्या पीएच्या एका फोनवर खाट मिळाली होती. आमचे आमदार लग्नाला येतात, मयतीला येतात, तेराव्याला येऊन हात जोडून बसतात. हे मीही विसरू शकत नाही. इथल्या बाई माझ्या दारात कधी येणार नाहीत.

त्याच मार्चमध्ये तिकडे मुंबईत आपलं अर्थसंकल्पीय अधिवेशन चालू होतं, ३ ते २६ मार्च. १० तारखेला अजित पवारांनी बजेट मांडलं. मी सहज विचारलं, "अण्णा, आपल्या आमदारांनी या वेळी काय विचारलं हो सभागृहात?"

त्यांना माहीत नव्हतं. भावाला फोन लावला, त्यालाही नाही. त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर एका बॅनरचा फोटो पाठवला: सभामंडपासाठी निधी मंजूर, खाली अठरा फोटो.

मग अण्णांनी जे केलं ते मला सुचलं नसतं. एप्रिलभर, मी कामात असताना, ते आपल्या विधिमंडळाच्या संकेतस्थळावर बसले. तारांकित प्रश्नांच्या, म्हणजे आमदारांनी विचारलेल्या नि मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या प्रश्नांच्या, याद्या पीडीएफमध्ये असतात, एकेक यादी भली लांब, एकेका प्रश्नाखाली डझनभर नावं. एका हातात भिंग, दुसऱ्या हातात माझ्या मुलीची वही. मराठवाड्याचे ४६ आमदार, त्यातलं आपलं नाव हुडकायचं. तिसऱ्या दिवशी ओरडले. सापडलं. प्रश्न सोयाबीन खरेदी केंद्रावरच्या बारदान्याच्या तुटवड्याचा होता. आमच्याच तालुक्याचं नाव घालून. एकूण सात प्रश्न निघाले, त्यातले दोन पाण्याचे.

"विचारलं की ह्या गड्यानं," अण्णा म्हणत होते. "आन् मी इथं येताना विमानतळावरून शिव्या घालत आलो."

भाड्याचं विधेयक शेवटच्या दिवशी, २७ एप्रिलला, दोन्ही सभागृहांच्या तडजोडीतून मंजूर झालं: वर्षाला ७ टक्के अधिक महागाई, किंवा १० टक्के, यातलं जे कमी ते. ७ मेला राज्यपालांची सही झाली आणि त्याच दिवसापासून लागू. नव्या इमारतींना पहिली बारा वर्षं सूट आहे, आमची जुनी आहे म्हणून वाचलो. शुक्रवारच्या शेवटच्या पत्रात बाईंनी पेट्रोलवरचा राज्याचा कर सहा सेंटने वाढणार हेही लिहिलं होतं, आणि त्यालाही मी मत दिलंय, असं.

अण्णा मे महिन्यात परतले. जाताना त्या सात प्रश्नांच्या प्रिंट माझ्याकडून काढून घेतल्या. गावात गेल्यावर पारावर वाचून दाखवल्या म्हणे. लोकांनी ऐकलं. मग सरपंचाच्या चुलत्याने कागद हातात घेऊन उलटापालटा केला आणि विचारलं, "अण्णा, हे खरं असंल तर साहेबांनी बॅनर का न्हाई लावलं?"